तिसरा वारसा

इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ (२०२०) या ग्रंथाने अमेरिकेतील वंशभेद ही जातिव्यवस्थाच आहे असे प्रतिपादिले, आणि बंगळूरच्या इंग्रजी वाचणाऱ्या सुखवस्तू वर्गाला एक सोयीची करुणा मिळाली. काळ्या गुलामांच्या वंशजांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आलेल्या जखमेबद्दल हा वर्ग हळहळतो. हळहळण्यास हरकत नाही. परंतु ज्या व्यवस्थेवरून या ग्रंथाला नाव मिळाले, ती आपल्याच दारातला कचरा रोज पहाटे कोणाकडून उचलून घेते, हा प्रश्न त्याला पडत नाही.

बंगळूरचे पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, बहुतांशी दलित आहेत. त्यांतही स्त्रियाच अधिक. जखम वारशाने येते, तसा झाडूही वारशाने येतो. आणि त्या झाडूपासूनची सुटकादेखील! पहिल्या दोन वारशांवर ग्रंथ वाचले जातात. तिसऱ्याचा हिशेब कोणी मागितला की साहित्यप्रेमाला तत्काळ ताप चढतो.

हा ताप कर्नाटकाने १९७३ साली पाहिला आहे. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध उभे ठाकलेले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी म्हैसूर येथे बहुतेक कन्नड साहित्य ‘बूसा’, म्हणजे निव्वळ भुसा, असल्याचे म्हटले. युक्तिवादाला उत्तर युक्तिवादाने द्यावयाचे. येथे सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर उतरले, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि राजीनामा द्यावा लागला तो बसवलिंगप्पांनाच! त्या संतापातून दलित संघर्ष समिती उभी राहिली, कन्नड दलित लेखकांची पिढी घडली. सिद्धलिंगय्यांचे ‘ऊरु केरी’ हे आत्मकथन याच पिढीचे. ते वाचण्यास सातासमुद्रापार जावे लागत नाही.

जोतीराव फुल्यांनीही अमेरिका दुरूनच जाणली होती. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. परंतु ग्रंथात हिशेब मांडला तो येथल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा. मराठी वाचकानेही ‘बलुतं’ (१९७८) कपाटात आहे एवढ्यावर नाक वर करू नये.

“पूर्वजांच्या पापाचे प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे?” असा सवाल केला जातो. प्रायश्चित्त मागितले कोणी? जुलै २०२२ मध्ये पौरकार्मिकांनी संप केला, तेव्हा त्यांची मागणी सेवेत कायम करण्याची होती. बंगळूरमधील बारा हजारांवर कामगारांना कायम नेमणुकीची पत्रे मिळावयास १ मे २०२५ उजाडावा लागला.