रडणारे मूल आणि परतीचे तिकीट

मराठी ललित गद्यात अलीकडे एक उपप्रकार चांगलाच रुजला आहे. त्याला अद्याप कोणी नाव दिलेले नाही. आम्ही सोयीसाठी त्याला 'निरोपलेख' म्हणतो. शहरातील एखादा सुशिक्षित तरुण किंवा तरुणी नेपाळ, कंबोडिया, केनिया अशा एखाद्या देशात तीन आठवडे ते तीन महिने तेथील मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून राहते आणि मुदत संपली की परतीच्या प्रवासावर लेख लिहिते. विमानतळाकडे निघालेली गाडी, तिच्यामागे धावणारी मुले, न धावता खांबाला टेकून रडणारे एक मूल, आणि शेवटी 'मी त्यांना काय शिकवणार, त्यांनीच मला शिकवले' या आशयाचे वाक्य. एवढे जमले की लेख जमतो. पदवीच्या वर्गात 'अनुभवकथना'चा नमुना म्हणून असे लेख वाचून दाखवण्याची प्रथा पडू लागली आहे, म्हणून आम्हां मराठीच्या अध्यापकांना त्याविषयी बोलणे भाग आहे. लिहिणाऱ्याच्या भावनेविषयी आम्हांला शंका नाही. ते अश्रू खरेच असतात. खोटी असते ती लेखाची रचना, आणि खोट्या रचनेचा लेख विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम व्याकरण पाहू. या लेखांत 'मी' हा नेहमी कर्ता असतो आणि मुले नेहमी अनेकवचनी. 'ती चिमुकली', 'ते निरागस डोळे', 'त्या इवल्या हातांनी'. विशेषणांची ही रेलचेल नावांची उणीव झाकण्यासाठी असते. एखाद्या मुलाला नाव मिळालेच तर त्याला संवाद मिळत नाही. संवाद मिळालाच तर तो हमखास शहाणपणाचा असतो. मूल कंटाळलेले आहे, स्वयंसेवकावर चिडले आहे, त्याची नक्कल करून हसते आहे, असे प्रसंग या लेखांत जवळजवळ नसतातच. ज्यांनी एक दिवस जरी बालवाडी सांभाळली आहे त्यांना हे किती अशक्य आहे ते सांगावयास नको. आणि 'त्यांनीच मला शिकवले' हे वाक्य? ते नम्रतेचे वाटते, पण त्यात जमाखर्चाचा निकाल मी-च्या बाजूने लागलेला असतो. गेलो देण्यासाठी आणि आलो घेऊन, हे लेखक इतक्या आनंदाने सांगतो की त्या व्यवहारात मुलांचे काय गेले हा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

मुलांचे काय जाते याविषयी मात्र बरेच लिहिले गेले आहे. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातील अनाथालयांत जाणाऱ्या अल्पकालीन स्वयंसेवकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. संस्थेत वाढणारे लहान मूल नव्या माणसाला चटकन बिलगते, तो माणूस काही आठवड्यांत निघून जातो, मग दुसरा येतो. प्रत्येक वेळी ते मूल पुन्हा एकदा टाकले जाते, हा त्या निबंधाचा मुख्य मुद्दा. म्हणजे खांबाला टेकून रडणारे मूल हे जिव्हाळ्याचे प्रमाणपत्र नसून इजेचे लक्षण असू शकते. शिवाय स्वयंसेवक पैसे भरून येतात, त्यामुळे काही देशांत मुलांची मागणी निर्माण झाली आणि आईबाप हयात असलेली मुले 'अनाथ' म्हणून गोळा होऊ लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने या व्यवहाराची दखल घेतली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा आणि पर्यटन यांपासून होणाऱ्या हानीचा उल्लेख केला. आपल्याकडे बालन्याय अधिनियम, २०१५ चे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड होऊ नये म्हणूनच आहे. परदेशातील मुलांची नावानिशी छायाचित्रे लेखासोबत छापताना आपल्या संपादकांना हे कलम आठवत नसावे. ती मुले परक्या देशाची, म्हणून कदाचित.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: ते निदान गेले तरी, तुम्ही खुर्चीत बसून टीका करता. हा आक्षेप जुना आहे. २० एप्रिल १९६८ रोजी इव्हान इलिचने मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर भाषण केले. बघायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा सारांश. ते विद्यार्थी वाईट होते असे इलिचचे म्हणणे नव्हते. ज्यांच्यासाठी आपण आलो त्यांची भाषासुद्धा आपल्याला येत नाही, हे त्यांना दिसत नव्हते. आमचा मुद्दा तर याहूनही मर्यादित आहे. जाणाऱ्याने जावे. पण त्याचा लेख साहित्य म्हणून आमच्या वर्गात येणार असेल, तर त्याला साहित्याचेच प्रश्न विचारले जातील.

हे प्रश्न आम्हांला आमच्या विद्यार्थ्यांनी शिकवले असे म्हटले तर वर ज्याची टर उडवली तेच वाक्य आम्ही लिहितो आहोत असे होईल. तरी एक सांगतो. असाच एक लेख वर्गात वाचला जात असता मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, ते लेकरं कोन्या बोलीत बोलत होते जी?" लेखात उत्तर नव्हते. मुले बोलत होती, लेखकाला समजत होते, मधे कोणी दुभाषी नव्हता. अर्जुनी मोरगावच्या वर्गात हा प्रश्न सहज येतो, कारण येथील मूल घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलते, पुस्तकात पुण्याची मराठी वाचते आणि या दोहोंमधले अंतर त्याला रोज चालावे लागते. दुसरेही एक कारण आहे. येथील काही विद्यार्थी आश्रमशाळांत वाढले आहेत. पाहुणे येतात, खाऊ वाटतात, छायाचित्र काढतात आणि जातात, हे त्यांनी रांगेत उभे राहून पाहिले आहे. निरोपलेखाचा वाचक बहुधा गाडीत बसलेला असतो. आमचा वाचक रस्त्यावर उभा आहे.

बाहेरून येऊन लिहिणे शक्यच नाही असे कोणी समजू नये. याच तालुक्यातील नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आले. ते सोलापूरचे, म्हणजे या झाडीला पुरते परके. पण 'नवेगावबांधचे दिवस' वाचताना जाणवते ते हे, की माणसांकडून शिकलेल्या गोष्टींचे श्रेय त्या माणसांच्या नावावर पडते. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जाणकार त्यांच्या लेखनात 'एक स्थानिक वृद्ध' होऊन येत नाही, तो माधवराव म्हणूनच येतो. पक्ष्यांची, झाडांची लोकांतली नावे त्यांनी टिपली, कारण ऐकून घेण्याइतका काळ ते येथे राहिले. मुलांच्या बाबतीत अनुताई वाघ यांचे उदाहरण आहेच. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला स्थिरावल्या आणि १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्या कामाच्याच राहिल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हा शब्द त्या अडचणीतून जन्मला. निरोपलेखांनी मराठीला असा एक तरी शब्द दिला आहे काय?

मात्र राहिले की लेखन आपोआप खरे होते, हेही आम्हांला मान्य नाही. व्हेरियर एल्विन १९३२ पासून मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहिला, तेथे त्याने शाळा चालवली, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. कोसी या गोंड मुलीशी त्याने लग्न केले; ती त्याच्याच शाळेतली. ते लग्न मोडले. त्याचे आत्मचरित्र १९६४ मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला; त्यात कोसीच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या आहेत. रामचंद्र गुहा यांच्या चरित्रग्रंथामुळे (१९९९) ही पोकळी ठळक झाली. इतकी वर्षे राहिलेला, इतका तयारीचा लेखक जिथे गप्प होतो, तिथे तीन आठवड्यांचा पाहुणा सगळे काही सांगून मोकळा होतो! वर्गात शिकवायचेच असेल तर ही गप्पता शिकवावी.

हा रोग केवळ परदेशी जाणाऱ्यांचा आहे असेही नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिची सात दिवसांची निवासी शिबिरे आमच्याकडेही होतात. शिबिराच्या अहवालात 'ग्रामस्थांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले' हे वाक्य दरवर्षी ठरलेले. ते लिहिणारा विद्यार्थी शेजारच्याच गावचा असतो, आणि ज्यांना महत्त्व पटवून दिले त्यांत त्याची मावशी असते. तो एरवी तिच्याशी असे बोलणार नाही. कागद पुढे आला की मात्र तो स्वयंसेवक होतो आणि मावशी ग्रामस्थ. ही भाषा त्याला कोणी दिली? ज्या नमुन्यांवर आपण त्याला लिहायला शिकवतो त्यांनीच दिली.

आणि परदेशी मुलेच हवी असतील तर तीही येथे आहेत. गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासूनची. तेथील लोक भातशेती करतात, हिवाळ्यात शहरांत स्वेटर विकायला जातात. परक्या देशातील मुलांवर लिहू पाहणाऱ्या आमच्या किती विद्यार्थ्यांना तेथील एका तरी समवयस्काचे नाव ठाऊक आहे? नोर्ग्येलिंगवर निरोपलेख लिहिणे अवघड आहे, हे खरे. आज भेटलेला माणूस उद्या अर्जुनीच्या बाजारात पुन्हा भेटणार, आणि 'माझ्यावर काय लिहिले?' असे विचारणार.

म्हणून पुढील सत्रापासून अनुभवकथनाच्या स्वाध्यायाला आम्ही एकच अट घातली आहे. ज्या मुलाविषयी लिहिले त्याच्यासमोर, त्याच्या बोलीत, लेख वाचून दाखवायचा आणि ते कोठे हसले, कोठे 'असं नाही जी' म्हणाले, ते समासात नोंदवायचे. मुलाचे खरे नाव लेखात द्यायचे नाही. पण माणूस दिसला पाहिजे. रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बांधीत असतो, म्हणून मुदत पोळ्यानंतरची ठेवली आहे.