यंत्र मोठे की वेळ मोठी?

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. कर्करोगाचा विषय निघाला की विद्यार्थी हमखास यंत्रांविषयी विचारतात. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण गाठीपर्यंत कसे पोचतात? रेषीय त्वरकात क्ष-किरण कसे निर्माण होतात? प्रश्न चांगले आहेत. पण रोगी वाचणार की नाही, हे एकट्या यंत्राच्या सामर्थ्यावर ठरत नाही. रोग कोणत्या अवस्थेत सापडला, हे फार महत्त्वाचे असते. गाठ एकाच जागी आहे तोवर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने ती समूळ नष्ट होऊ शकते. रोगट पेशी फुप्फुसांत, यकृतात, हाडांत पसरल्यावर किरणांचा झोत टाकायचा तरी कुठे कुठे?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग शरीरात दीर्घकाळ टिकून राहिला, तर हा रोग होऊ शकतो. पण संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या वाटचालीला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे निसर्ग आपल्याला भरपूर सवड देतो.

या सवडीचा उपयोग कसा करता येतो, हे मुंबईत दिसून आले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा तपासणी देऊ केली गेली. साधने कोणती? ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, कापूस आणि प्रखर दिवा! आम्ल लावल्यावर मिनिटभरात संशयास्पद भाग पांढरा दिसू लागतो. अंड्यातील पारदर्शक भाग शिजल्यावर पांढरा होतो ना, तसाच काहीसा हा प्रकार. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच नव्हे. पुढील तपासणी डॉक्टर करतात. पहिली तपासणी मात्र दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी केली. बारा वर्षांनंतर या गटात त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तेथे आम्लाची तपासणी एकदाच झाली होती. तिने मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. एचपीव्ही चाचणी मात्र एकदाच करूनही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा साधन स्वस्त असेल तर तपासणीत सातत्य हवे, आणि एकदाच तपासायचे असेल तर चाचणी अधिक अचूक हवी.

माझे मत असे की, नवे यंत्र आले म्हणजे आपण उद्घाटन करतो, पण त्याहून आधी लागणाऱ्या तपासणीकडे दुर्लक्ष करतो. त्यामागे खर्चाइतकाच संकोचही असतो. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय मोकळेपणाने मांडावा. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी तपासणी करून घ्यावी. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, हेही सांगावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज घरी एवढेच विचारा : "आई, तुझी तपासणी झाली आहे का?"