साती आसरा आणि स्मोंग

नदीच्या डोहांत साती आसरा राहतात व एकट्यादुकट्यास पाण्यांत ओढून नेतात, ही समजूत महाराष्ट्रांत जुनी आहे. शाळेंत आम्ही शिक्षक ती खोडून काढतों, तें योग्यच. पण आसरांना घालवून त्या जागीं आम्ही काय ठेवलें? डोह तर पूर्वीइतकाच खोल आहे!

सुमात्राजवळील सिमेलुए बेटावर १९०७ सालीं समुद्राच्या लाटेनें मोठा संहार केला. अशा लाटेस तेथील लोक 'स्मोंग' म्हणतात. धरणी जोरानें हादरून समुद्र मागें हटला कीं टेकडी गांठावी, हें तेथील वडील माणसें नातवंडांस गोष्टींतून व गाण्यांतून सांगत आलीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं तसेंच घडलें. हिंदी महासागरांत तेव्हां इशाऱ्याची यंत्रणा नव्हती. तरी 'स्मोंग' हा एक शब्द ऐकतांच लोक डोंगर चढले. सुमारें ७८,००० वस्तींत सात माणसें दगावलीं. समोर सुमात्राच्या किनाऱ्यावर लाखाहून अधिक.

स्मोंगच्या कथेंत संकटाची खूण आहे आणि सुटकेची वाटहि आहे. आसरांच्या कथेंत बहुधा नुसतें भय. तें भय सुटलें कीं मुलगा बेलाशक उडी टाकतो. पालकहो, गोष्ट बंद करूं नका. डोहाची खोली, भोंवरा, निसरडा खडक तिच्यांत घाला. आणि पूर्वीं तेथें कोण बुडालें, तेंहि सांगा.