मातीचा पंचनामा आपणच मागायचा

‘पर्यावरण’ म्हटलं की आपली पोरं तोंड फिरवतात. वाघ वाचवा, झाडं लावा, हे पोट भरलेल्यांचे चाळे, म्हणतात. आपल्याला आधी घर पाहिजे, काम पाहिजे. बरोबर आहे. पण घर कुठल्या मातीवर पाहिजे, हे कधी विचारणार?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. शाळा नववीपर्यंत. बाकीचं शिकलो ते पाळी सुटल्यावर. आमच्या वस्तीमागं एक प्लॉट आहे. माझ्या जन्माआधीपासून तिथं पेट्रोलपंप होता. पंप गेला, पत्रे गेले, मशिनं गेली. जमिनीतल्या टाक्या काढल्या का तशाच बुजवल्या, कोणी सांगत नाही. आता तिथंच आमची घरकुलं बांधणार. कार्यालयात विचारलं, माती तपासली का? साहेबांनी कागद पुढं केला. एक पान. वरची मूठभर माती नेली आणि ‘योग्य’ म्हणून शिक्का मारला.

दोस्तांनो, असा शिक्का खोटा का असतो, हे आपल्याला पाठ पाहिजे.

टाकी असते जमिनीच्या पोटात. लोखंड गंजतं, पाइपाचा सांधा सुटतो, तेल खाली झिरपतं. वरची माती कोरडीच राहते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते भूजलापर्यंत जातं, त्याच्यावर तरंगतं आणि पाणी वाहील तिकडं सरकतं. त्याची वाफ मातीतून वर चढते, फरशीच्या फटीतून घरात शिरते. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. बेन्झीननं रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्रानं मान्य केलेलं आहे. शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. त्याआधीचा पंप असेल तर शिसंही शोधावं लागतं. शिसं उडून जात नाही, कुजत नाही.

म्हणून तपासायचं तर बोअर मारावे लागतात. टाकीच्या खड्ड्याशेजारी, पाइपांच्या सांध्यांजवळ, टँकर रिकामा व्हायचा त्या तोंडापाशी. टाकीच्या तळाच्याही खाली जावं लागतं. थराथराची माती काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. उघड्या पिशवीतून नेली तर वाफ वाटेतच उडते आणि रिपोर्ट येतो ‘स्वच्छ’. भूजल कुठल्या दिशेनं वाहतं ते कळायला पाण्यापर्यंत गेलेले किमान तीन बोअर लागतात. हे न करता दिलेला कागद म्हणजे मढं न बघता लिहिलेला मरणदाखला.

कोणी म्हणेल, जमिनीतल्या टाकीनं एवढं काय होतंय? अमेरिकेच्या नौदलाला विचारा. हवाई बेटांवर रेड हिल इथं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी डोंगराच्या पोटात इंधनाच्या २० टाक्या बांधल्या. त्यांच्याखाली सुमारे शंभर फुटांवर पिण्याच्या पाण्याचा साठा. २०१४ साली एका टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन इंधन गळालं. तरी टाक्या चालूच राहिल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंधन नळाला आलं. त्या नळांवर सुमारे ९३ हजार माणसं होती. सैनिकांची पोरंबाळं आजारी पडली. बेटावरचे मूळ रहिवासी रस्त्यावर आले. तेव्हा कुठं मार्च २०२२ मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचा निर्णय झाला. तिथं साहेबाच्या सैनिकाच्या घरात वास आला. आपल्या वस्तीतल्या बोअरच्या पाण्याला वास आला तर कोण धावणार?

कायदा नाही असं नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्याच्या प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. घाण ज्यानं केली, खर्च त्याच्याकडून घ्यायचा. छान. पण माती साफ कधीपर्यंत करायची, त्याला मुदत नाही. मुदत नसलेला हक्क म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला कळतं? आणि आपली वस्ती त्या यादीत आपोआप जाईल, या भ्रमात राहू नका.

आपल्यातलेच काही पुढारी सांगतात, गप बसा, ओरडलात तर घरकुलं परत जातील. घर का माती, एकच निवडा, असं आपल्यालाच का सांगतात? बंगलेवाल्याला कोणी सांगितलंय?

पंपाच्या टाक्यांना स्फोटक खात्याचं लायसन लागतं. लायसनला मंजूर नकाशा जोडलेला असतो, टाक्या कुठं आहेत ते त्यात असतं. त्या खात्याचं मुख्यालय नागपुरात आहे. दीक्षाभूमीला जाताच ना? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर त्या लोकांनी १०८ घागरी पाणी उपसून शेण-गोमूत्रानं तळं ‘शुद्ध’ केलं. बेन्झीन गोमूत्रानं जात नाही आणि एक पानी दाखल्यानंही जात नाही. पाण्याला हात लावायचा हक्क आपण लढून घेतला. त्या पाण्यात, त्या मातीत काय मुरलंय हे विचारायचा हक्कही लढूनच घ्यावा लागणार.

पाया खणायच्या आधी बोअर. वस्तीच्या दोन माणसांसमोर. रिपोर्ट मराठीत, चौकातल्या फळ्यावर. तोवर एक कुदळ पडू देऊ नका.

जय भीम.