खेकड्याचं बळ कशात असतं?



मृगाचा पाऊस पडला की आमच्या मन्नाएखेळ्ळीकडे ओढ्यानाल्यांतून आणि शेताच्या बांधांतून खेकडे बाहेर पडायला लागतात. गावात त्यांना तीन नावं आहेत. आपण खेकडा म्हणतो, कानडी शेजारी एडी म्हणतात आणि दखनी बोलणारे केकडा. नावं तीन असली तरी सल्ला एकच ऐकू येतो, "लेकरू अशक्त दिसतंय, खेकड्याचा रस्सा पाजा की!"

या पावसाळ्यात हा सल्ला आमच्याही घरी आला. मुलगा चार वर्षांचा, अंगानं बारीक, त्यात खोकला धरलेला. गावाकडच्या एका आत्याबाईंनी आईला सांगितलं, "दोन खेकडे कच्चेच ठेचायचे, फडक्यातून गाळायचे आणि तो रस सकाळी दोन चमचे द्यायचा. खोकलाही जातो आणि पायांत बळही येतं." आईचा जीव नातवात, माझा लेकात. नुसतं "नको" म्हणून चालणार नव्हतं, कारण सांगायला हवं होतं. मी काही आहारतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला माणूस आहे. पण आकडे बघायची सवय आहे. म्हणून या वेळच्या सदरात खेकड्याचा हिशोब मांडतो.

आधी चांगली बाजू. खेकड्याच्या शिजलेल्या शंभर ग्रॅम मांसात साधारण अठरा ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी जेमतेम एक-दीड ग्रॅम. जस्त आणि सेलेनियम भरपूर. जीवनसत्त्व बी-12 तर एवढं, की मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागून उरावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींप्रमाणे ही गरज रोज 2.2 मायक्रोग्रॅम आहे. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत मिळत नाही, ते दूध, अंडी, मासे आणि मांसातूनच मिळतं. हे आकडे बहुतेक समुद्रातल्या खेकड्यांचे आहेत. आपल्या ओढ्यातल्या खेकड्यात थोडाफार फरक पडेल, पण जातकुळी तीच.

आता ताटातला हिशोब. खेकडा म्हणजे बरंचसं कवच. किलोभर खेकड्यांतून मांस निघतं पाव किलोच्या आसपास. चार माणसांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे अकरा-बारा ग्रॅम प्रथिनं. दोन अंड्यांत जवळपास तेवढीच मिळतात. म्हणजे खेकडा चांगलाच आहे, पण जादू नाही. ज्या घरात खेकडा चालत नाही, त्या घरातल्या लेकरांचंही काही अडत नाही. अंडं, दूध, डाळ, शेंगदाणे आहेतच.

मग "हाडं मजबूत होतात" हे कुठून आलं? कवच कठीण, त्यात चुना भरपूर, म्हणून त्याचं पाणी प्यायलं की चुना आपल्या हाडांत उतरेल, असा साधा तर्क असावा. यात अर्धी गोष्ट खरी आहे. कवचात कॅल्शियम कार्बोनेट खरंच असतं. पण आपल्या घरातली शहाबादी फरशीही मुख्यतः त्याचीच असते. तिच्यावर रोज पाणी ओततो, गरम भांडं ठेवतो, ती विरघळते का? नाही. लिंबू सांडलं तर मात्र पांढुरका डाग पडतो, कारण आंबटपणानं चुना थोडासा सुटतो. रश्शाचंही तसंच. चिंच घातली तर कवचातलं थोडं कॅल्शियम उतरेल, पण भरवसा ठेवावा इतकं नाही. मांसात तर शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेरच असतं. त्यापेक्षा नाचणी बरी, तिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात असतं. न सोललेल्या तिळात हजाराच्या वर. आपल्याकडे जेवणात तिळाची चटणी असतेच, ती लेकराच्या भाकरीवर तुपाबरोबर जाऊ द्या. आणि मूल उशिरा चालत असेल, पाय वाकडे दिसत असतील, तर ते ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही असू शकतं. त्याला खेकडा उपाय नाही, डॉक्टरांनाच दाखवायला हवं.

मग रस्सा फुकटच का? तसंही नाही. आपल्याकडे खेकड्याचे बारीक पाय टाकून देत नाहीत. ते वाटून, पाणी घालून गाळतात आणि ते पाणी रश्शात सोडतात. उकळी आली की त्यात पांढरट काहीतरी साकळून वर येतं. तेच प्रथिन. ज्या पायांतलं मांस बोटांनी निघणार नाही, ते आपल्या बायकांनी या युक्तीनं काढलं. म्हणून रस्सा वाढताना वरची तर्री बाजूला करून तो साकळलेला भाग लेकराच्या वाटीत घाला. नुसतं लाल पाणी पाजून पोषण होत नाही.

आणि इथेच आत्याबाईंच्या उपायाची मेख आहे. त्यांचा रस म्हणजे हेच पाणी, फक्त न उकळलेलं. उकळलं तर अन्न, कच्चं दिलं तर धोका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंगात फुप्फुसात जाणाऱ्या एका चपट्या कृमीची पिल्लं असू शकतात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून ती माणसाच्या पोटात जातात आणि तिथून फुप्फुसात घर करतात. मग महिनोन्‌महिने खोकला आणि थुंकीत रक्त. लक्षणं क्षयासारखीच, म्हणून क्षयाचीच औषधं सुरू होतात आणि गुण येत नाही. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. कोरियात एके काळी गोवर झालेल्या मुलांना खेकड्याच्याच नात्यातल्या एका प्राण्याचा कच्चा रस औषध म्हणून पाजायचे. त्यातून कित्येक मुलांना हाच आजार जडला. म्हणजे खोकल्यावर द्यायचा आणि खोकलाच विकत घ्यायचा! शिवाय ओढ्यात गावाचं सांडपाणी येतं, शेतातली फवारणी येते, ते वेगळंच. आईला एवढं सांगितल्यावर तिनंच आत्याबाईंना फोन लावला. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, पण कच्च्या रसाचा विषय घरात परत निघाला नाही. खोकल्यासाठी मुलाला डॉक्टरांकडे नेलं.

तर मंडळी, मोठ्यांसाठी आणि लहानांसाठी लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

खेकडा जिवंत असतानाच आणावा. मेलेल्या खेकड्यात जंतू फार झपाट्यानं वाढतात. ब्रशनं घासून, कल्ले काढून धुवावा आणि रस्सा चांगला खळखळून उकळेपर्यंत, मांस पूर्ण पांढरं होईपर्यंत शिजवावा. कच्चा खेकडा ज्या पाट्यावर वाटला, तो गरम पाण्यानं धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबिरीचं काही घेऊ नये.

आतला पिवळा गर अनेकांना आवडतो. पण जड धातू साठतात ते मुख्यतः तिथेच. लहान मुलांना तो देऊ नये, मोठ्यांनीही चवीपुरताच खावा.

मुलाला पहिल्यांदा देताना दिवसा द्या, चमचाभरच, कवचाची कपची नाही ना हे बोटांनी चाचपून. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. खेकड्याची ॲलर्जी शिजवल्यानं जात नाही, आणि ती मोठेपणीही सुरू होऊ शकते. झिंगा ज्यांना सोसत नाही, त्यांनी खेकड्यापासूनही जपून राहावं.

गरोदर बाईला "उष्ण पडेल" म्हणून आपल्याकडे खेकडा देत नाहीत. पण पूर्ण शिजवलेल्या खेकड्यात पारा कमी असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गरोदर बायकांसाठी केलेल्या यादीत तो सर्वोत्तम निवडींत आहे. ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे, त्यांनी मात्र हात आवरावा. कोलेस्टेरॉलची भीती बाळगणाऱ्यांसाठी एवढंच, की शंभर ग्रॅम खेकड्यात ते एका अंड्यापेक्षा कमी असतं. त्रास जास्त होतो तो वरच्या तेलाचा आणि मिठाचा.

शेवटचं सांगणं गावाकडच्या पोरांना. पावसाच्या तोंडावर धरलेल्या खेकडीचं पोट उलटून बघा. तिथे अंडी किंवा मुंगीएवढी पिल्लं चिकटलेली दिसली तर तिला परत ओढ्यात सोडा. गोड्या पाण्यातली खेकडी समुद्रातल्या खेकडीसारखी लाखांनी अंडी घालत नाही. थोडीच घालते आणि पिल्लं पोटाशी धरून वाढवते. ती सुटली तर पुढच्या मृगातही रस्सा होईल.

तुमच्या घरी खेकड्याचा रस्सा कसा करतात, चिंच घालता की आमसूल, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.