उस्मानी शिरस्त्राण काचेत : किंमत नावाची की हुन्नराची?

लढाईत वार झेलण्यासाठी घडविलेले पोलादी शिरस्त्राण काचेत उतरवायचे आणि दिवाणखान्यात मांडायचे, हा प्रकार काहींना विचित्र वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. पंधराव्या शतकातील उस्मानी शिरस्त्राणे फेट्यासारखी फुगीर असत आणि फेट्याच्या चुण्यांसारख्या पन्हळी त्यांवर उठविलेल्या असत. इस्तंबूलच्या काचेतही हाच पीळ आहे. 'चश्मे बुलबुल' म्हणजे बुलबुलाचा डोळा, हे त्या कामाचे नाव. साच्याच्या कडेने पांढऱ्या वा निळ्या काचेच्या कांड्या उभ्या लावतात, त्यात वितळलेल्या काचेचा गोळा फुंकतात आणि फुंकता फुंकता पीळ देतात. वस्तू हळूहळू थंड करावी लागते. घाई केली की तडकते. तेव्हा हा घाट काचेवर लादलेला नाही, तो तिला शोभतो.

प्रश्न आहे तो किमतीचा. सुलतान तिसरा सलीम (१७८९-१८०७) याच्या काळात मेहमेद देदे नावाच्या मेवलेवी दरवेशाने व्हेनिसहून हे काम शिकून येऊन बेकोझ येथे कारखाना काढला, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या स्वस्त मालाने तेथील भट्ट्यांना घेरले. १९३५ साली तुर्की इश बँकेने पाशाबाहचे येथे कारखाना उभारला, तेव्हा या धंद्याला पुन्हा आधार मिळाला. पण २००२ साली तोही बंद झाला. नाव कितीही मोठे असो, केवळ त्यावर भट्टी पेटती राहत नाही, हाच याचा धडा.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, अशा मालाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी असाव्यात : घाट संग्रहालयातील कोणत्या वस्तूवरून घेतला, काच तोंडाने फुंकली की यंत्रात दाबली, आणि असे नग किती काढले. सुलतानाचे नाव कोणीही छापू शकतो. पीळ मात्र हातालाच द्यावा लागतो. यंत्राचा माल यंत्राच्या भावाने विकण्यात काही गैर नाही. तो हातकामाच्या भावाने विकला, तर गिऱ्हाईक फसतेच, शिवाय कारागिराची मजुरी बुडते. मजुरी बुडाली की त्याचा मुलगा फुंकणी हाती घेत नाही. असा माल मागविणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी भाव विचारण्याआधी ही चिठ्ठी मागावी.