सुटला, पण परतला नाही

'हरिदास' हा तमिळ सिनेमा १९४४च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरला लागला आणि १९४६च्या दिवाळीतही तिथेच चालू होता. तीन दिवाळ्या! गोष्ट आपल्या पुंडलिकाच्या जवळची: आई-वडिलांना छळणारा मुलगा शेवटी त्यांच्या सेवेला लागतो. गंमत म्हणा की क्रूरपणा, पण हा विक्रम होत असताना त्याचा हिरो बहुतेक काळ तुरुंगात होता.

हा हिरो म्हणजे एम. के. त्यागराज भागवतर. जन्म १९१०चा. रीतसर कर्नाटक संगीत शिकलेला, रंगभूमीवरून १९३४ साली 'पवळक्कोडी'तून पडद्यावर आलेला. तेव्हा हिरोला स्वतःच गावं लागायचं, आणि ह्याचा तार सप्तकातला आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. तमिळ सिनेमाचा पहिला सुपरस्टार तोच.

नोव्हेंबर १९४४मध्ये लक्ष्मीकांतन नावाच्या पत्रकाराचा मद्रासमध्ये भोसकून खून झाला. हा माणूस नटनट्यांच्या खासगी भानगडी छापायचा, आणि गप्प बसायचे पैसेही घ्यायचा म्हणतात. आजच्या गॉसिप पेजेसचा आजोबाच! कटाच्या आरोपावरून भागवतर आणि विनोदी नट एन. एस. कृष्णन पकडले गेले, दोघांना जन्मठेप झाली. अपील थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. फेरसुनावणी होऊन एप्रिल १९४७मध्ये मद्रास हायकोर्टानं दोघांनाही निर्दोष सोडलं.

पुढे काय? भागवतरनं पुण्यात येऊन 'राजमुक्ती' केला. १९४८ साली तो आला आणि पडला. नंतरचेही चालले नाहीत. १९५९ साली, पन्नाशीच्या आतच तो गेला.

बदनामीनं करिअर संपवलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मग कृष्णन कसा परतला? त्याच खटल्यातून सुटून तो पुन्हा भरपूर चालला. खरं म्हणजे भागवतर आत असताना सिनेमाच बदलत होता. प्लेबॅक रुळत होतं, गाण्यांपेक्षा संवाद भाव खाऊ लागले होते. १९५२च्या 'पराशक्ती'त शिवाजी गणेशन नुसत्या बोलण्यावर थिएटर डोक्यावर घेत होता.

म्हणूनच ती अडीच वर्षं जास्त टोचतात. बाहेर असता तर तो बदलला असता का, कोण जाणे. निदान बदलून बघायची संधी तरी मिळाली असती. कोर्टानं शिक्षा रद्द केली; १९४४ ते ४७ मात्र त्याला कुणी परत देऊ शकलं नाही.